पुसण्याची उष्णता

श्रोतेहो, नमस्कार. मोबाईल वापरून वापरून गरम होतो, हे तुम्हाला माहीत आहे. पण आयबीएम या संगणक कंपनीतले शास्त्रज्ञ रोल्फ लँडाउअर यांनी १९६१ साली मोठी गंमत दाखवली. निसर्ग उष्णतेची किमान वसुली करतो ती गणिताबद्दल नव्हे, पुसण्याबद्दल. पुन्हा सांगतो, पुसण्याबद्दल. बेरीज सात, एवढंच ठेवलं, तर आधी तीन-चार होते की पाच-दोन, कसं कळणार? ती माहिती पुसली गेली, की थोडी उष्णता बाहेर पडलीच पाहिजे.

आता पुण्यातल्या एका शाळेत घडलेलं सांगतो. काचेच्या बरणीत मधोमध एक नळकांडं, भोवती ग्लिसरीन. त्यात ग्लिसरीनमध्येच कालवलेल्या लाल रंगाचा ठिपका सोडला. केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांच्यामुळे गाजलेला हा प्रयोग. सातवीतल्या एका मुलीने नळकांडं हळूहळू चार फेरे फिरवलं. ठिपका ताणला, फिकटला, दिसेनासा झाला. मागून आवाज आला, "गेला ना सर रंग!" मी म्हटलं, आता उलटे चार. सगळा वर्ग फेरे मोजू लागला. चौथा फेरा पुरा झाला आणि लाल ठिपका जागच्या जागी हजर! कडा जराशा पुसट, बस. लगेच पोरांनी पाणी घेऊन करून पाहिलं. तिथे रंग काही परत आला नाही. शाळांनी प्रयोगशाळेची कपाटं उघडावीत, हे मी नेहमी सांगतो. काच फुटली तर फुटू दे, पण पोरांच्या हातात द्या.

मग त्या मुलीने विचारलं, "सर, मी लावलेला जोर कुठे गेला?" केवढा प्रश्न! ठिपका परतला, पण जोराची उष्णता होऊन ती ग्लिसरीनमध्येच राहिली. मात्र जितकं सावकाश फिरवाल, तितकी ती कमी. फ्रेंच अभियंते सादी कार्नो यांनी १८२४ साली कल्पिलेलं, उष्णतेवर चालणारं आदर्श इंजिन असंच, उलटं चालवता येणारं.

संगणकाचंही तेच. आयबीएममधलेच चार्ल्स बेनेट यांनी १९७३ साली दाखवलं, की मधलं काही न पुसता गणित करायचं, उत्तराची प्रत काढायची आणि सगळं उलट चालवत मूळ आकड्यांवर यायचं. काही न पुसता, आणि सावकाश, म्हणजे उष्णताही कमी. वेळ जास्त लागतो, साठवायला जागाही जास्त लागते. पण १९९१ साली ज्या पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेने परम ८००० हा महासंगणक उभा केला, तिथल्या विद्यार्थ्यांनी या विषयाला हात घालावा, असं मला फार वाटतं. नमस्कार.