चौलचे रेशीम आणि नागासाकीचा धक्का

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

फलकावर आजचा विषय ‘पूर्व आशियाची समुद्रसफर’ असा लिहिला आहे. तो मी थोडा आवळून घेणार आहे. क्रूझवरचे जेवण, केबिनींचे प्रकार, रात्रीचे करमणुकीचे कार्यक्रम यांची माहिती प्रवासी संस्थांच्या पत्रकांत भरपूर असते, आणि खरे सांगायचे तर त्या बाबतीत सगळी जहाजे साधारण सारखीच. मला बोलायचे आहे ते जहाज बंदरात शिरते त्या तासाभराविषयी आणि त्यानंतर हाताशी उरणाऱ्या आठ-दहा तासांविषयी. जुने बंदर बांधणाऱ्यांनी ते समुद्रावरून येणाऱ्यासाठी बांधलेले असते. विमानतळावरून टॅक्सीने येणारा माणूस त्यात परसदाराने शिरतो. दर्शनी बाजू पाहायची तर पाण्यावरूनच जायला हवे. अलिबागकरांना हे वेगळे सांगायला नको. कुलाबा किल्ला भरतीच्या वेळी होडीतून पाहिलेला आणि ओहोटीला चालत जाऊन पाहिलेला, हे दोन निराळे किल्ले वाटतात.

पण इथेच पहिली फसगत होते. पत्रकात शहराचे नाव असते, धक्क्याचे नसते. चार वर्षांपूर्वी एका प्रवासी संस्थेचे पत्रक माझ्या हाती आले, त्यात ‘बीजिंग’ असे ठळक अक्षरांत छापले होते. बीजिंगला समुद्रच नाही. जहाज लागणार होते तियानजिनला, आणि तिथून बीजिंग दीडशे किलोमीटरहून अधिक दूर. म्हणजे दिवसातले निम्मे तास बसमध्ये. शांघायचेही असेच आहे. ‘बंड’ नावाच्या ज्या काठरस्त्यावरच्या जुन्या पेढ्यांच्या रांगेसाठी आपण शांघायला जातो, तो हुआंगपू नदीच्या काठी आहे, आणि मोठी क्रूझ जहाजे लागतात ती वुसोंगखौला, जिथे हुआंगपू यांगत्झेला मिळते. नदीवरच्या पुलांखालून ही उंच जहाजे जाऊच शकत नाहीत. लहान जहाज मिळाले तर ते आत शहरापर्यंत येते आणि मग बंड जसा पाहायचा तसा, नदीतून, दिसतो. याउलट योकोहामाचा ओसानबाशी धक्का थेट शहराच्या पायाशी आहे. 1859 मध्ये परदेशी व्यापाराला खुल्या झालेल्या जुन्या वस्तीत तुम्ही जहाजावरून उतरून चालत जाऊ शकता. हाँगकाँगमध्ये दोन धक्के आहेत. काई टाक हा 2013 मध्ये सुरू झालेला धक्का जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर उभा आहे आणि गावापासून जरा बाजूला पडतो. ओशन टर्मिनल मात्र चिमत्साचुई या गजबजलेल्या भागाच्या टोकाला, बंदर ओलांडून नेणाऱ्या स्टार फेरीच्या अगदी शेजारी. तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी विचारायचा प्रश्न एकच: जहाज नेमके कोणत्या धक्क्याला लागणार? उत्तर देताना समोरचा माणूस चाचरला, तर दुसरे जहाज पाहावे.

स्टार फेरीचे नाव आलेच आहे तर सांगतो. ही फेरी सुरू करणारे दोराबजी नौरोजी मिठाईवाला हे पारशी गृहस्थ. 1888 मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि दहा वर्षांनी तिला आजचे नाव मिळाले. मांडव्याहून गेटवेला जाताना आपण जसे बाकावर बसून कठड्याबाहेर पाहत राहतो, तसेच तिथे दहा मिनिटे बसायचे. हाँगकाँग विद्यापीठाच्या उभारणीला मोठी देणगी देणारे होरमसजी मोदी हेसुद्धा मुंबईहून गेलेले पारशी. चिमत्साचुईत त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

हे सगळे ऐकताना छाती फुगवून घ्यायचा मोह होतो. तो आवरावा. मुंबईचा आणि चीनच्या बंदरांचा संबंध प्रामुख्याने कापसाचा आणि अफूचा होता. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनकडे जात असे आणि त्या पैशावर मुंबईत किती वाडे, इस्पितळे आणि धर्मादाय संस्था उभ्या राहिल्या, हे तुम्ही जाणताच. ब्रिटन आणि चीन यांच्यातल्या पहिल्या अफूयुद्धाच्या शेवटी, 29 ऑगस्ट 1842 रोजी, नानकिंगचा तह झाला. त्याने हाँगकाँग बेट ब्रिटिशांकडे गेले आणि कँटन, अमॉय, फूचौ, निंगपो व शांघाय ही पाच बंदरे खुली झाली. हा तह ज्या युद्धनौकेवर झाला ती ‘कॉर्नवॉलिस’ 1813 मध्ये मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली, सागवानात बांधली गेली होती. मांडव्याच्या धक्क्यावर उभे राहिले की पलीकडे जो किनारा दिसतो, तिथले ते जहाज. पुढे बगदादहून 1832 मध्ये मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून यांच्या घराण्याने याच व्यापारावर शांघायमध्ये बस्तान बसवले. बंडवर हिरव्या, निमुळत्या छपराची जी इमारत उठून दिसते, ती त्या घराण्यातल्या व्हिक्टर ससून यांनी 1929 मध्ये पुरी केलेली. काळ्या घोड्याजवळचे ससून वाचनालय आणि ही इमारत या एकाच झाडाच्या दोन फांद्या आहेत. तिच्यासमोर उभे राहून फोटो काढणाऱ्या चिनी तरुणांना तो इतिहास शाळेत अपमानाचा म्हणून शिकवतात, हेही लक्षात असावे.

आता मकाव, चीनच्या किनाऱ्यावरची जुनी पोर्तुगीज वसाहत. मकावच्या भोवतीचा समुद्र उथळ असल्यामुळे मोठे क्रूझ जहाज तिथे सहसा जात नाही; हाँगकाँगहून फेरीने सुमारे तासाभरात किंवा 2018 मध्ये खुल्या झालेल्या लांबलचक पुलावरून बसने जावे लागते. हाँगकाँगला जहाज दोन दिवस थांबणार असेल तरच हा उद्योग करावा. पण करावा मात्र जरूर. पोर्तुगीज तिथे 1557 मध्ये स्थिरावले आणि 1999 मध्ये निघाले. सेंट पॉल चर्चचे आज फक्त दर्शनी भिंतीएवढे अवशेष उभे आहेत, कारण मागचे सगळे 1835 च्या आगीत गेले. बहुतेक लोक पायऱ्यांवर उभे राहून फोटो काढतात आणि उतरतात. तुम्ही भिंतीच्या अगदी जवळ जा आणि मान वर करा. दगडात एक गलबत कोरलेले दिसेल, शिडांसकट. शेजारी चिनी अक्षरे आहेत, चिनी धाटणीचे सिंह आहेत. हे काम करणाऱ्यांत जपानमधून धर्माच्या छळामुळे पळून आलेले ख्रिस्ती कारागीर होते. तिथून अ-मा देवीच्या मंदिराकडे उतरत गेले की वाटेत कमानींच्या लांब ओसरीची एक पिवळी इमारत लागते. तिला ‘मूरिश बॅरक्स’ म्हणतात. 1874 मध्ये ती बांधली ती मकावच्या पोलीस दलासाठी गोव्याहून आणलेल्या शिपायांकरिता. मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतले मुसलमान, वगैरे कोणी नव्हते. आपलीच माणसे होती, त्यांना नाव तेवढे दुसऱ्याचे मिळाले.

गोवा आणि मकाव यांच्यामधला जो दुवा होता, तो नागासाकीपर्यंत जात असे, आणि माझ्या मते सगळ्या सफरीचे सार त्या बंदरात आहे. चीनच्या मिंग राजवटीने आपल्या प्रजेला जपानशी थेट व्यापार करायला बंदी घातली होती. जपानला चिनी रेशीम हवे होते आणि त्याच्याकडे चांदी होती. या बंदीमुळे मधला दलाल होण्याची संधी पोर्तुगीजांना मिळाली. गोव्याहून वर्षाला एक भले मोठे जहाज पावसाळ्याच्या तोंडावर निघे, मलाक्का करून मकावला पोहोचे, तिथे कँटनच्या बाजारातून रेशीम भरेपर्यंत थांबे, पुढच्या उन्हाळ्यात नैर्ऋत्येचे वारे धरून नागासाकीला जाई आणि वारे फिरल्यावर चांदी घेऊन परते. एका फेरीला दोन-तीन वर्षे लागत. वाऱ्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात तांडेल होऊन गेले त्यांना ठाऊक आहे.

वाऱ्यावरून एक व्यवहाराची गोष्ट सांगतो आणि पुढे जातो. जुलै ते ऑक्टोबर हा तिकडे टायफूनचा काळ. आपल्याकडे पावसाळ्यात लाकडी लाँच बंद असतात तशी तिकडची मोठी जहाजे बंद नसतात, पण टायफूनची बातमी आली की कप्तान एखादे बंदर सरळ गाळतो आणि तुम्ही दिवसभर समुद्र पाहत बसता. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर, हे दिवस बरे. जपानचा आणि चीनचा व्हिसा घरून निघण्यापूर्वीच हातात हवा. चीनमध्ये दोनदा उतरणार असाल, तर एका प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही. मध्ये जपानला गेलात की तो संपला.

तर नागासाकी. जहाज पहाटे एका लांब, अरुंद खाडीत शिरते. दोन्ही बाजूंना डोंगर अंगावर येतात आणि डोंगरांवर घरे पायऱ्यांसारखी चढत गेलेली दिसतात. त्यासाठी पाचला उठून वरच्या डेकवर जावे. न्याहारी कुठे पळून जात नाही. मेगामी पुलाखालून आत गेल्यावर डाव्या हाताला जहाजबांधणीच्या गोदीत 1909 सालची एक अवाढव्य क्रेन दिसते, ती अजून कामात आहे. 9 ऑगस्ट 1945 रोजी सकाळी 11 वाजून 2 मिनिटांनी शहराच्या उत्तर भागावर अणुबाँब पडला, त्या धक्क्यातूनही ती उभी राहिली. उजव्या हाताला मात्सुगाए धक्का. उतरून थोडे चढले की ओउरा चर्च, 1864 मध्ये पुरे झालेले.

तिथून चालत देजिमाला जाता येते. देजिमा म्हणजे पंख्याच्या आकाराचे कृत्रिम बेट. 1636 मध्ये नागासाकीच्या व्यापाऱ्यांच्या पैशाने समुद्रात भराव घालून ते पोर्तुगीजांना कोंडून ठेवण्यासाठी तयार केले. शिमाबारा इथल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या उठावानंतर, 1639 मध्ये, पोर्तुगीजांना हाकलले. पुढच्याच वर्षी मकावने व्यापार पुन्हा सुरू करा म्हणून विनवायला दूत पाठवले. त्यांच्यातल्या 61 जणांची डोकी उडवली आणि बातमी सांगायला 13 जण परत धाडले. रिकाम्या बेटावर 1641 मध्ये डच आले आणि दोनशेहून अधिक वर्षे तिथेच राहिले. बेटाची लांबी सुमारे 120 मीटर आणि रुंदी 75 मीटर, म्हणजे आपल्या कुलाबा किल्ल्यापेक्षा पुष्कळच लहान. एक पूल, त्यावर पहारा, आणि पंधरा-वीस डच माणसे वर्षभर जहाजाची वाट पाहत. आज भोवतालचा समुद्र बुजवलेला आहे, ट्राम बाजूने धावते, आणि बेट शोधावे लागते. जुन्या धाटणीची घरे पुन्हा उभी केली आहेत. मला त्यांतल्या जेवणघरांपेक्षा गोदामे आवडली. साखर, कापड, तांबे कसे भरत, कसे तोलत, हे तिथे दिसते.

कापडावरून माझ्या मूळ गोष्टीकडे येतो. जपानी भाषेत ‘चाउजिमा’ असा एक शब्द आहे. ‘शिमा’ म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचे कापड. आणि ‘चाउ’ म्हणजे आपले चौल. अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागल्यावर लागते तेच चौल. पातळ, हलके, उभ्या पट्ट्यांचे हे रेशीम पोर्तुगीजांनी तिकडे नेले, सामुराई त्याचे हाकामा, म्हणजे घेरदार पायघोळ, शिवून घेत, आणि मागणी एवढी वाढली की पुढे क्योतोचे विणकर ते स्वतःच विणू लागले. नाव मात्र चौलचे राहिले. आपल्या चौलला आज एकही माग नाही. रेवदंड्याच्या किल्ल्यात नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. मद्रासजवळच्या सांतोमे गावावरूनही जपानीत एका पट्ट्यांच्या सुती कापडाला नाव पडले आहे, पण आपल्या गावाचे नाव तिथल्या शब्दकोशात पाहताना जे वाटते ते वेगळे. तसाच ‘पान’ हा शब्द. नागासाकीच्या बेकरीत पावाला ‘पान’ म्हणतात. पोर्तुगीजांचा एकच शब्द. आपण त्याचा पाव केला, त्यांनी पान केले.

शेवटी निशिझाका टेकडी, रेल्वे स्थानकासमोर. 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकमाने 26 ख्रिस्ती लोकांना इथे क्रुसावर चढवले. त्यांना क्योतोहून भर हिवाळ्यात चालवत आणले होते. भिंतीवर 26 पुरुषभर उंचीच्या कांस्यमूर्ती ओळीने आहेत. त्यांतला एक गोन्सालो गार्सिया, वसईचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. आधी व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संघाचा धर्मबंधू झाला, आणि जपानी उत्तम येत असल्यामुळे हिदेयोशीपुढे दुभाषाचे काम केले. 1862 मध्ये त्याला संतपद मिळाले. वसईत त्याच्या नावाचे चर्च आणि महाविद्यालय आहे. मूर्तींखाली नावे कोरलेली आहेत, ती सावकाश वाचत जावीत. मी वाचत असताना एक वृद्ध जपानी बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्या नावाकडे आणि मग स्वतःकडे बोट दाखवून मी दोनदा ‘इंडिया’ म्हणालो. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला, मलाही वाकावे लागले, आणि आम्ही बराच वेळ एकमेकांना वाकत राहिलो.

जहाज पाचला सुटणार असेल तर साडेतीनला टेकडी उतरायला लागावे. धक्क्याकडे जाणाऱ्या ट्रामला शाळा सुटल्यावर गर्दी होते, आणि जहाज कुणासाठी थांबत नाही.