वावरात मोजा, कोर्सवर उतरवा: दहाच्या आसपास अडलेला गोल्फ हँडिकॅप

[धुऱ्यावर उभं राहून. मागे वखरलेलं वावर, हातात सात नंबरचं आयर्न, म्हणजे मधल्या अंतराचा गोल्फ क्लब.]

नमस्कार मंडळी. तुमचा हँडिकॅप इंडेक्स, म्हणजे खेळाची पातळी सांगणारा आकडा (जितका कमी तितका खेळ चांगला), आठ ते बाराच्या मध्ये अडलाय. स्विंग बरा आहे, ग्रिप आणि स्टान्स कुणी शिकवायची गरज नाही. राहायला मात्र तुम्ही आर्वी, वणी, उमरेड, दारव्हा अशा भागात, आणि कोर्सवर जायचं म्हणजे नागपूर गाठायचं. महिन्याला एक फेरी, फार तर दोन. आजचं सगळं बोलणं तुमच्यासाठी.

दहाच्या पातळीवर आणखी चांगला शॉट शिकून इंडेक्स फारसा हलत नाही. आपला चेंडू नेमका किती लांब जातो आणि किती फाकतो, हे आकड्यांत कळलं की तो हलायला लागतो. आणि त्या आकड्यांसाठी कोर्स लागत नाही. हे वावर पुरतं.

आधी हिशेब बघू, कारण बरेच चांगले खेळाडूसुद्धा इंडेक्स कसा बनतो हे न बघताच सराव करतात. २०२० पासून वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम आहे. तुमच्या शेवटच्या २० फेऱ्यांचे डिफरन्शियल घेतात, त्यातले सगळ्यात कमी ८ निवडतात आणि त्यांची सरासरी म्हणजे तुमचा इंडेक्स. डिफरन्शियल म्हणजे कोर्स किती अवघड ते धरून काढलेला फेरीचा आकडा. तो काढायला स्कोअरमधून कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूचा अपेक्षित स्कोअर) वजा करायचं, ११३ ने गुणायचं, स्लोप रेटिंगने (साध्या खेळाडूला कोर्स किती जास्त अवघड, त्याचा आकडा) भागायचं. समजा कोर्स रेटिंग ७१.३ आणि स्लोप १२८ आहे. तुम्ही ८४ मारले तर डिफरन्शियल ११.२ येतो, ७९ मारले तर ६.८. म्हणजे अशा कोर्सवर एक फटका वाचला की डिफरन्शियल जवळपास ०.९ ने उतरतो.

आता सरासरी आठांची आहे. इंडेक्स अर्ध्याने उतरवायचा तर त्या आठांची बेरीज ४ ने कमी व्हायला हवी. एखादी झकास फेरी तेवढं करू शकते. पण महिन्याला एकच फेरी असेल तर २० फेऱ्या भरायला पावणेदोन वर्षं लागतात. मधे एखादी जुनी चांगली फेरी यादीच्या शेवटाला पोचून बाहेर पडते, आणि तुम्ही काहीही बिघडवलं नसताना इंडेक्स चढतो. म्हणून आपली यादी उघडून बघा: मोजल्या जाणाऱ्या आठांपैकी पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत कोणती गळणार आहे? ते माहीत असलं की चढलेला आकडा पाहून माणूस स्विंग मोडायला बसत नाही. आणि वेळेअभावी नऊच होल झाले तर तेही नोंदवा. २०२४ च्या सुधारणेपासून नऊ होलच्या स्कोअरला उरलेल्या नऊचा अपेक्षित स्कोअर जोडून अठरा होलचा डिफरन्शियल तयार करतात.

अजून एक गोष्ट. हँडिकॅपसाठी एका होलवर जास्तीत जास्त धरतात ते नेट डबल बोगी, म्हणजे पार (त्या होलला ठरलेले फटके), अधिक दोन, अधिक त्या होलवर हँडिकॅपमुळे तुम्हाला मिळणारे फटके. पार चारच्या होलवर नऊ झाले तरी धरले जातात सहा किंवा सात. त्यामुळे तो एक नऊ तुमचा इंडेक्स अडवत नाही. प्रत्येक फेरीतले तीन-चार डबल (पारपेक्षा दोन फटके जास्त) अडवतात, आणि ते होताना फारसे खुपत नाहीत.

मग फटके जातात कुठे? कोलंबिया विद्यापीठातल्या मार्क ब्रॉडी यांनी प्रत्येक शॉटची किंमत काढायची ‘स्ट्रोक्स गेन्ड’ पद्धत मांडली, आणि अमेरिकेतल्या व्यावसायिकांच्या पीजीए टूरने २०११ मध्ये ती पटिंगसाठी, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या ग्रीनवर चेंडू लोटण्यासाठी, वापरायला घेतली. त्यांच्या मांडणीतली मोठी गोष्ट अशी, की दोन वेगळ्या पातळ्यांच्या खेळाडूंमधल्या फरकाचा साधारण दोन तृतीयांश भाग १०० यार्डांच्या पलीकडच्या शॉटमधून येतो. आपल्याकडे ‘पटिंग सुधार, हँडिकॅप आपोआप उतरेल’ हे सर्रास सांगतात. आपली गोल्फपटू अदिती अशोक टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आली तेव्हा ती लांबीत बऱ्याच जणींच्या मागे होती आणि पटिंगने टिकली, हे खरं. पण ती फेअरवे (ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा) आणि ग्रीनच्या बाबतीत आपल्यासारखे डबल करत नाही. आपल्याला आधी आयर्न मोजायची आहेत.

[वावरात उतरून.]

वावर कोणतं घ्यायचं? सोयाबीन सोंगून झालेलं आणि हरभरा न पेरलेलं कोरडवाहू वावर ऑक्टोबरपासून मोकळं असतं. कपाशीचं हवं असेल तर उलंगवाडी होऊन पऱ्हाटी उपटून निघेपर्यंत थांबा. मुरमाड जमीन नको, चेंडू टप्पा खाऊन कुठेही उडतो. काळ्या जमिनीवर एक वखराची पाळी झालेली असली की उत्तम. कारण साधं आहे: भुसभुशीत मातीत चेंडू पडतो तिथेच बसतो. मॅटवरच्या सरावात चेंडू घरंगळत जातो आणि माणूस एकूण लांबीलाच कॅरी (चेंडू हवेतून पडेपर्यंतचं अंतर) समजून बसतो. इथे ती फसवणूक होत नाही, पडल्या जागी खड्डा दिसतो.

मोजायला ३३ फुटांची दोरी घ्या. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, हे आपल्याला पाठच असतं, आणि ३३ फूट म्हणजे नेमके ११ यार्ड. चौकोनी एकराची बाजू जवळपास ७० यार्ड. सात नंबरसाठी ओळीने तीन एकर लागलेले असे लांब वावर हवं, म्हणजे २०९ यार्ड मिळतात. दोरीने दर ११ यार्डांवर पऱ्हाटीची काडी रोवा आणि तिला लाल चिंधी बांधा. मधली रेघ फक्कीने आखा. शॉट मात्र वखरलेल्या ढेकळांतून मारू नका. धुऱ्याच्या कडेला हरळी असते, ती विळ्याने बोटाच्या पेराएवढी कापून घ्या आणि तिथून मारा. गोल्फवाले जिला बर्म्युडा म्हणतात ती हीच हरळी, आपल्या गणपतीची दूर्वा. ग्रीनवर तिचे संकरित वाण असतात, पण क्लब गवतात कसा शिरतो याचा अंदाज धुऱ्यावरही येतो.

एप्रिल-मे मध्ये काळी जमीन भेगाळून दगडासारखी होते. तिच्यावर आयर्न मारलं तर मनगट दुखतं, क्लबही घासतो. आदल्या संध्याकाळी मारायच्या पट्ट्यावर दोन-तीन बादल्या पाणी टाका.

चेंडू २०, सगळे एकाच मॉडेलचे आणि फेरीत खेळता तेच. नारंगी किंवा पिवळे घ्या, आणि मोजून न्या, मोजून आणा, बैलाच्या किंवा कल्टिव्हेटरच्या वाटेत एकही राहता कामा नये. पलीकडे मजूर बाया, गुरं किंवा रस्ता असेल तर त्या दिशेने मारायचंच नाही.

आता पद्धत. दहा-बारा चेंडू मारून अंग मोकळं करा, ते धरू नका. मग २० चेंडू, प्रत्येकाच्या आधी मागे उभं राहून लक्ष्य बघणं, एक सराव स्विंग, मग शॉट. दोन शॉटमध्ये निदान अर्धा मिनिट. बहुतेकांची मोजणी इथेच बिघडते: चेंडूमागून चेंडू ओढत गेलं की हात लयीत येतो आणि आकडे कोर्सवर कधीच न येणारे सुंदर येतात.

मग चालत जा आणि प्रत्येक चेंडूची कॅरी आणि रेघेपासून डावं-उजवं अंतर वहीत लिहा. घसरलेलासुद्धा लिहा. कॅरी लहान ते मोठी अशी लावा, दहाव्या आणि अकराव्याची सरासरी ही तुमची खरी कॅरी. सगळ्यात लांब गेलेला चेंडू तुमची कॅरी नव्हे. ग्रीनच्या अलीकडे कमी पडणाऱ्या बऱ्याच शॉटचं कारण हेच, की माणूस आपल्या सर्वोत्तम चेंडूवरून क्लब निवडतो. रुंदीसाठी दोन्ही टोकांचा एक-एक चेंडू सोडून उरलेल्या १८ चा पसारा घ्या. एका दिवशी दोनच क्लब. तिसऱ्यापर्यंत हात थकतात.

वहीत तारीख, वेळ आणि तापमानही लिहा. जानेवारीच्या १२ अंशांच्या सकाळी आणि मेच्या ४० अंशांत, हवा विरळ झाल्याने, ड्रायव्हरच्या (सगळ्यात लांब मारायच्या क्लबच्या) कॅरीत आठ-दहा यार्डांचा फरक पडतो, सात नंबरमध्ये पाच-सहा. वाऱ्याचा ढोबळ हिशेब असा: समोरून ताशी १६ किलोमीटरचा वारा असेल तर सुमारे १० टक्के जास्त धरा, मागून तेवढाच असेल तर ५ टक्केच कमी. १५० यार्ड समोरच्या वाऱ्यात १६५ चे खेळतात, मागच्या वाऱ्यात साधारण १४२ चे. समोरचा वारा घेतो जास्त, मागचा देतो कमी.

[फक्कीने जमिनीवर ग्रीन काढून दाखवत.]

आकडे आले, आता त्यांचं काय करायचं? १५० यार्डांवर २४ यार्ड रुंदीचं ग्रीन आहे. पिन (होलातली झेंड्याची काठी) उजव्या कडेपासून ४ यार्ड आत, आणि कडेला लागून बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा. तुमच्या सात नंबरचा पसारा २८ यार्ड, म्हणजे मधून दोन्हीकडे १४. पिनवर नेम धरला तर उजवीकडचा पसारा ग्रीनच्या १० यार्ड बाहेर जातो, आणि साधारण तीनातला एक चेंडू बंकरच्या बाजूला पडतो. तोही अशा जागी, की पिन जवळ आणि उतरायला ग्रीन नाही. तोच नेम ग्रीनच्या मध्यावर धरा: उजवीकडे बाहेर जाणारा चेंडू बारातला एकच. स्विंग तोच, क्लब तोच. फक्त आठ यार्ड डावीकडे बघितलं. दहाच्या हँडिकॅपवाल्याला यापेक्षा स्वस्तात फटका मिळत नाही, म्हणून पसारा अर्धवट मोजू नका.

टीवर, म्हणजे होलच्या पहिल्या फटक्यालाही तेच. दोन्हीकडच्या धोक्यांमधली जागा ड्रायव्हरच्या पसाऱ्यापेक्षा अरुंद असेल तर एका बाजूचा धोका पसाऱ्याच्या पूर्ण बाहेर टाका, किंवा क्लब बदला. नुसतं ‘सांभाळून मारतो’ म्हटल्याने पसारा कमी होत नाही. उलट आवरता घेतलेला ड्रायव्हर बहुतेकांचा उजवीकडे जातो, कारण अंग फिरायचं थांबतं आणि क्लबफेस उघडा राहतो.

डबलची नोंद वेगळी ठेवा. फेरी झाल्यावर प्रत्येक डबलपुढे कारण एका शब्दात: दंड, झाड, दोन चिप (ग्रीनच्या कडेचा छोटा, ठेंगणा शॉट), तीन पट. पाच फेऱ्यांत कोणतं कारण जास्त आलं ते आपोआप दिसतं. ‘झाड’ जास्त असेल तर नियम एकच, पुढचा शॉट मोकळ्या गवतातून खेळता आला पाहिजे. फांद्यांमधल्या फटीतून ग्रीन दिसतं, पण त्या फटीची रुंदी तुमच्या पसाऱ्याशी ताडून बघा.

‘दोन चिप’ येत असेल तर बहुधा क्लब चुकतोय. सपाट, मध्यम वेगाच्या ग्रीनवर बाराचा नियम धरा: बारामधून क्लबचा नंबर वजा करा, पिचिंग वेजला दहा समजा. वेज एक भाग उडते, दोन भाग घरंगळते. नऊ नंबर एकास तीन, आठ एकास चार, सात एकास पाच. उन्हाळ्यात ग्रीन कडक झालं की घरंगळ आणखी वाढते. उघड्या, टणक जागेवरून जास्त बाउन्सची (तळ जास्त फुगीर असलेली) वेज आपटून उसळते आणि चेंडू मधोमध लागतो, तिथे चार-सहा अंश बाउन्सची बरी. पावसाने मऊ झालेल्या जमिनीत उलट, दहा-चौदा अंशांची घ्या, नाहीतर धार मातीत रुतते.

[अंगणात.]

पटिंगसाठी शेणाने सारवलेलं अंगण घ्या. सारवण वाळलं आणि अजून भेगा पडल्या नाहीत अशा दिवशी चेंडू सरळ जातो. इथे वेग शिकू नका, ग्रीनशी तो जुळणार नाही. फक्त दिशा शिका. चेंडूपासून ४५ सेंटिमीटर पुढे दोन खिळे ठोका, मधे ५० मिलिमीटर जागा. चेंडू ४२.६७ मिलिमीटरचा, म्हणजे दोन्हीकडे साडेतीन-पावणेचार मिलिमीटरची मोकळीक, अंदाजे अर्धा अंश. होल १०८ मिलिमीटरचा, आणि १० फुटांवरून दिशा एक अंशाने चुकली की चेंडूचा मध्य होलच्या कडेवर येतो. या फाटकातून न घासता गेलेला चेंडू सपाट जागी १० फुटांवर आत जाणारच. २० पैकी १७ जायला लागले की ४५ चे ६० सेंटिमीटर करा. डाव्या खिळ्याला सारखा घासत असेल तर आधी डोळे चेंडूच्या रेषेवर आहेत का ते बघा, हात नंतर.

वेग कोर्सवरच्या सराव ग्रीनवर, फेरीच्या आधी. एका गुंठ्याच्या बाजूएवढ्या अंतरावरून, म्हणजे ३३ फुटांवरून, दहा चेंडू. पीजीए टूरवालेसुद्धा इथून सरासरी दोन पट घेतात, आणि ८ फुटांवरून निम्मेच घालतात. त्यामुळे ८ फुटांवरचा पट चुकल्याचं मनाला लावून घेऊ नका. ३३ फुटांवरून दहापैकी आठ चेंडू ३ फुटांच्या आत थांबायला हवेत.

उन्हाबद्दल थोडकंच. मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा टी टाइम सकाळी सहाचाच घ्या. पाणी तहान लागेपर्यंत ठेवू नका, दर दोन होलला मीठ-साखरेचे काही घोट. वहीत शेवटच्या चार होलमध्येच डबल दिसत असतील तर स्विंग तपासायच्या आधी बाटली तपासा.

मोजणीचं काम मृगाच्या आधी उरकायचं. पहिला पाऊस झाला की काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटते, आणि वावर पेरणीचं होतं. तोपर्यंत वेजपासून चार नंबरपर्यंत प्रत्येक क्लबपुढे कॅरी आणि पसारा असे दोन आकडे लिहून, ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॅगेला बांधलेलं असू द्या. पावसाळ्यात अंगण चिखलाचं होईल, फाटक उचलून ओसरीत मांडा.