आधी काय झालं? बर्फात अडकलेल्या हवेचं वय

हिमयुग संपतं तेव्हा आधी तापमान वाढतं की आधी हवेतला कार्बन डायऑक्साइड? आज मी या एकाच प्रश्नाबद्दल बोलणार आहे, कारण हवामानाविषयीच्या कितीतरी वादांच्या मुळाशी हा क्रमच असतो.

अंटार्क्टिकातल्या व्होस्टोक इथून काढलेल्या बर्फाच्या गाभ्याने, म्हणजे खोल छिद्र पाडून काढलेल्या लांब दांड्याने, आपल्याला ४ लाख २० हजार वर्षांची नोंद दिली. ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. तिच्या आलेखातल्या तापमान आणि कार्बन डायऑक्साइड या दोन्ही रेषा एकमेकींना धरून चालतात. हिमयुगात कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत १८०-१९० भागांपर्यंत उतरतो, उबदार काळात २८०च्या आसपास चढतो आणि तापमानही त्याच्यासोबत खालीवर होतं. पण सोबत चालणाऱ्या दोघांत पुढचा कोण, हे ओळखायला खूप जवळून बघावं लागतं. आणि जवळून बघायला गेलं की एक विलक्षण अडचण उभी राहते.

तापमान कळतं ते बर्फाच्या पाण्यावरून, म्हणजे त्यातल्या जड आणि हलक्या हायड्रोजनच्या प्रमाणावरून. कार्बन डायऑक्साइड मोजायचा तो बर्फातल्या बुडबुड्यांत. आता बर्फ पडला म्हणजे लगेच हवा कोंडली गेली, असं होत नाही. वरचे जवळपास शंभर मीटर थर सच्छिद्र असतात, त्यांतून हवा खेळत राहते. वरच्या ओझ्याने ती छिद्रं बंद होतात तेव्हा कुठे बुडबुडा तयार होतो. व्होस्टोकला बर्फ इतका थोडा पडतो की याला हजारो वर्षं लागतात. म्हणजे हातात धरलेल्या एकाच तुकड्यात बर्फ म्हातारा आणि हवा तरुण! दोघांच्या वयांतलं अंतर हजारो वर्षांचं, आणि आपल्याला शोधायचाय तो काही शतकांचा फरक. वयांच्या हिशेबात थोडी चूक झाली तरी मागचा पुढे जाऊन बसतो.

२००३ साली यातून जी वाट काढली गेली ती मला फार सुंदर वाटते. संशोधकांनी तापमानासाठी बर्फाकडे पाहणंच सोडलं. त्यांनी बुडबुड्यांतला आरगॉन तपासला. सच्छिद्र थरात जड आरगॉन जरा तळाशी साचतो, आणि तो किती साचेल हे हवामानाबरोबर बदलत जातं. म्हणजे हवामानाची खूण आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही एकाच बुडबुड्यात सापडले, आणि दोन वयांची भानगडच मिटली. सुमारे २ लाख ४० हजार वर्षांपूर्वीच्या तापमानवाढीत अंटार्क्टिका आधी तापलं आणि कार्बन डायऑक्साइड त्यानंतर ८०० वर्षांनी वाढू लागला, २०० वर्षं इकडेतिकडे.

मग कार्बन डायऑक्साइडचा तापमानाशी संबंधच नाही, असं काही जण म्हणू लागले. मला हा निष्कर्ष चुकीचा वाटतो, आणि का ते सांगतो. ती तापमानवाढ सुमारे ५ हजार वर्षं चालली होती. पहिली ८०० सोडा. उरलेल्या ४ हजारांहून अधिक वर्षांत कार्बन डायऑक्साइड वाढत होता आणि तापमानही वाढत होतं. सुरुवात कोणी केली हा एक प्रश्न, पुढे ती वाढ कोणी रेटली हा दुसरा. सुरुवात होते ती पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि आसाच्या कलातल्या संथ बदलांमुळे. समुद्र तापला की त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, समुद्रातल्या पाण्याचं फिरणं बदललं की खोल पाण्यातलाही वर येतो. हवेत आल्यावर तो सगळी पृथ्वी तापवतो, आणि समुद्र आणखी तापतो.

शिवाय अंटार्क्टिका म्हणजे सगळी पृथ्वी नव्हे. २०१२ साली शेवटचं हिमयुग संपतानाच्या जगभरातल्या ८० नोंदी एकत्र मांडल्या गेल्या, तेव्हा जागतिक सरासरी तापमान कार्बन डायऑक्साइडच्या मागून वाढलेलं दिसलं. त्याच काळाचा अंटार्क्टिकापुरता हिशेब २०१३ साली नव्याने झाला, तेव्हा तिथे दोन्ही जवळजवळ एकाच वेळी वाढलेले निघाले. तेव्हा क्रम विचारताना "कुठला?" हेही विचारावं लागतं.

आजचा क्रम शोधायला बर्फ लागत नाही. कोळसा आणि तेल जाळून कार्बन डायऑक्साइड आपण आधी सोडला, आता तो दहा लाखांत ४२० भागांच्या वर गेलाय. मागच्या ८ लाख वर्षांच्या बर्फात तो ३००च्या फारसा पुढे कधी गेलेला नाही.

जानेवारी २०२५मध्ये युरोपीय संशोधकांचं खोदकाम अंटार्क्टिकात २८०० मीटर खोल, १२ लाख वर्षांहून जुन्या बर्फापर्यंत पोचलं. त्या काळात हिमयुगं दर ४१ हजार वर्षांनी येत. पुढे, ९ लाख वर्षांपूर्वीपर्यंत, ती साधारण १ लाख वर्षांच्या फेऱ्यावर गेली. हा फेरा लांबण्याआधी कार्बन डायऑक्साइड घटला होता का, हे आता त्या बर्फातल्या बुडबुड्यांना विचारायचं आहे.