पेट्रोल की डिझेल? आधी रोजचा रस्ता सांगा

श्रोतेहो, नमस्कार.

दसरा किंवा पाडवा जवळ आला की सोलापुरातल्या बऱ्याच घरांत गाडीचा विषय निघतो. लहान गाडी देऊन टाकायची आणि जरा मोठी घ्यायची. पाच माणसं ऐसपैस बसावीत, डिकीत सगळ्यांच्या बॅगा मावाव्यात, लग्नकार्याला दारात उभी केली तर शोभावी. मॉडेल ठरतं, रंग ठरतो, बजेट ओढूनताणून बसवलं जातं आणि सगळं अडतं ते इंजिनापाशी. काका म्हणतात, "डिझेलच घे, ॲव्हरेज बघ." मुलगा म्हणतो, "बाबा, आता डिझेल कोण घेतं?"

माझं आयुष्य गाड्यांच्या इंजिनात गेलं. मला कुणी हा प्रश्न विचारला, की मी उलट विचारतो: सणासुदीचं सोडा, एरवीच्या बुधवारी तुमची गाडी कुठे जाते? आणि एकदा सुरू केली की बंद करेपर्यंत किती किलोमीटर पळते? महिन्याचं एकूण रनिंग आपण नंतर बघू. आधी हे सांगा.

काकांचं म्हणणं कुठून आलं तेही समजून घ्यायला हवं, कारण त्यांच्या काळी ते खरंच होतं. पेट्रोलचे दर सरकारने २०१० मध्ये मोकळे केले, डिझेलचे मात्र धरून ठेवले. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये होतं आणि डिझेल ४१. एका लिटरमागे बत्तीस रुपये वाचत होते, वर ॲव्हरेजही जास्त! मग डिझेलला कोण नाही म्हणणार? पण ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचेही दर मोकळे झाले आणि ती दरी बुजत गेली. आपल्याकडे ती आता बारा-तेरा रुपयांच्या आसपास आली आहे. दुसरा मोठा बदल १ एप्रिल २०२० चा. त्या दिवसापासून बीएस-सहा हे गाडीच्या धुराचे कडक नियम लागू झाले आणि डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर एक नवं यंत्र आलं. घरातल्या चर्चेत त्याचं नाव क्वचितच निघतं. आज मला मुख्यतः त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचं मिश्रण स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटतं. डिझेलमध्ये ठिणगी नसते. तिथे हवा इतकी दाबली जाते की ती नुसत्या दाबाने तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. मुख्यतः या दाबामुळे डिझेल इंजिन कमी इंधनात जास्त काम करतं. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा ऊर्जाही दहा-बारा टक्के जास्त असते. पण या पेटण्यात काजळी तयार होते. ती हवेत जाऊ नये म्हणून बीएस-सहा गाडीत फिल्टर बसवलेला असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. मधाच्या पोळ्यासारखी जाळी असलेलं हे सिरॅमिकचं नळकांडं काजळी अडवून धरतं. अडवलेली काजळी कुठेतरी जायला हवी ना? ती तिथल्या तिथे जाळावी लागते, आणि त्यासाठी फिल्टर साधारण सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. हायवेवर इंजिन सलग चालतं तेव्हा हे काम आपोआप होत राहतं. गावातल्या गावात होत नाही. मग गाडीचा कॉम्प्युटर जास्तीचं डिझेल फवारून फिल्टर तापवायला बघतो. त्याला पंधरा-वीस मिनिटं सलग पळणारी गाडी लागते. तेवढ्यात तुम्ही दुकानासमोर चावी फिरवून उतरलात, तर काम अर्धवट राहतं.

आमच्याकडे एका व्यापाऱ्यांची गाडी आली होती. मोठी, देखणी, डिझेल. घर जुळे सोलापूरला, दुकान नवी पेठेत. सकाळी दुकान, दुपारी जेवायला घरी, पुन्हा दुकान, रात्री घर. पाच-सहा किलोमीटर जायचं, गाडी बंद करायची. मीटरवर फिल्टरचा पिवळा दिवा लागला होता. मी आधी बॉनेट उघडून डिपस्टिक ओढली. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर होती. शेठ म्हणाले, "ऑइल कमी नाही झालं, उलट वाढलंय, म्हणजे चांगलंच की!" मी ते ऑइल दोन बोटांत चोळून त्यांच्या नाकापाशी नेलं. पाण्यासारखं पातळ झालेलं, आणि डिझेलचा स्वच्छ वास. फिल्टर तापवायला फवारलेलं जास्तीचं डिझेल न जळता पिस्टनच्या कडेने खाली उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. असं पातळ ऑइल इंजिनाला आणि टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, बेअरिंगला सांभाळू शकत नाही.

ऑइल बदललं, स्कॅनर जोडला आणि गाडी पुणे रोडला काढली. बाळे ओलांडलं, कोंडी मागे पडली. गिअर एक खालचा ठेवून इंजिन दोन-अडीच हजार आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवर, धरलं, वेग एकसारखा. स्क्रीनवर काजळीचा आकडा हळूहळू उतरत होता. मोहोळ यायच्या आत दिवा विझला. वेळेत आले म्हणून निभावलं. तसंच दामटत राहिले असते, तर फिल्टरच बदलावा लागला असता, आणि मोठ्या गाडीचा नवा फिल्टर लाखाच्या पुढेही जातो. गाडीत काहीच दोष नव्हता. ती गाडी त्या रस्त्यासाठी नव्हती, एवढंच.

आता पैशांचा हिशोब. आकडे सोयीसाठी धरतो, तुम्ही तुमच्या गाडीचे घाला. समजा पेट्रोल गाडी शोरूम किमतीला १८ लाख आणि तीच डिझेल १९ लाख २० हजार. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला एकरकमी रोड टॅक्स १२ टक्के आहे, डिझेलला १४ टक्के. म्हणजे किमतीत सव्वा लाखाच्या आसपास आणि टॅक्समध्ये आणखी पन्नास हजारांवर फरक. विमा धरून पावणेदोन लाख म्हणू. चालवताना पेट्रोल गाडी प्रत्यक्षात लिटरला १३ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०४ रुपये, म्हणजे किलोमीटरला आठ रुपये. डिझेल गाडी १७ देते आणि डिझेल ९१ रुपये, म्हणजे पाच रुपये पस्तीस पैसे. किलोमीटरमागे वाचले दोन रुपये पासष्ट पैसे. पावणेदोन लाख वसूल व्हायला गाडी ६६ हजार किलोमीटर पळायला हवी. हे रोखीने घेतली तर. हा फरक नऊ टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जात गेला, तर तो व्याजासकट दोन लाख अठरा हजारांवर जातो आणि वसुलीचा टप्पा ८२ हजार किलोमीटरवर. बुकिंग करताना हे व्याज मोजणारं घर मला फारच कमी वेळा भेटलं आहे.

आपल्या शहरातलं नोकरदार किंवा दुकानदार कुटुंब घ्या. सोलापूर काही पुण्यासारखं पसरलेलं नाही. आसरा चौकातून निघून सात रस्ता, तिथून बाजार, शाळा, दवाखाना, सगळं पाच-सात किलोमीटरमध्ये. वर्षाला साडेतीन-चार हजार किलोमीटर गावातच. पोरं पुण्यात शिकायला किंवा नोकरीला, म्हणून महिन्यातून एक पुण्याची खेप, येऊन-जाऊन पाचशे. ते झाले सहा हजार. अधूनमधून तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर. सगळं मिळून अकरा हजारांच्या घरात. म्हणजे डिझेलचा जास्तीचा पैसा सुटायला सहा वर्षं, कर्ज असेल तर साडेसात. या कुटुंबाने पेट्रोलच घ्यावी, असं मी ठामपणे सांगतो.

पण आठवड्यातून तीन दिवस बार्शीला किंवा पंढरपूरला जाणारे डॉक्टर, साइटवर फिरणारे कंत्राटदार, शहराच्या पूर्व भागातली ती कुटुंबं ज्यांचं अर्धं गोत हैदराबादला आहे, यांचं गणित पार वेगळं. नळदुर्ग, उमरगा, जहीराबाद करत तीनशे किलोमीटर सलग जाणारी गाडी फिल्टर स्वतःच स्वच्छ ठेवते. वर्षाला पंचवीस-तीस हजार पळणाऱ्याचे पैसे अडीच-तीन वर्षांत सुटतात. त्यांनी डिझेल जरूर घ्यावी.

आणि डिझेलचा एक गुण हिशोबात दिसत नाही, तो हातांना कळतो. उसाचा सीझन चालू असताना टेंभुर्णीकडे किंवा अकलूजकडे गाडी काढा. पुढे दोन ट्रॉल्या भरलेला ट्रॅक्टर, समोरून एसटी, गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली आणि उन्हामुळे एसी फुल्ल. अशा वेळी पॉवरपेक्षा टॉर्क, म्हणजे इंजिनाची चाकं फिरवण्याची ओढ, उपयोगी पडतो. दीड लिटरच्या चांगल्या टर्बो पेट्रोलचा टॉर्क २५० न्यूटन मीटरच्या आसपास असतो. इनोव्हा क्रिस्टाच्या २.४ लिटर डिझेलचा ३४३ आहे, तोही चौदाशे आरपीएमपासूनच. गिअर न टाकता गाडी उचलते आणि ओव्हरटेक लवकर संपतो. टर्बो पेट्रोलही कमी नाही, फक्त एक गिअर खाली टाकायची सवय लावून घ्यावी लागते.

पेट्रोलवाल्यांसाठीही एक गोष्ट. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. आपला जिल्हा उसाचा आणि साखर कारखान्यांचा, त्यामुळे इथेनॉलबद्दल आपल्याला आपुलकी असणं साहजिक आहे, आणि ऊस उत्पादकाला त्याचा आधार आहे हे मी मानतो. पण एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून ॲव्हरेज थोडं उतरतं. त्या इंधनासाठीच बनवलेल्या नव्या गाडीत फरक कमी जाणवतो, जुन्या गाडीत जास्त. वरच्या हिशोबातले १३ किलोमीटर मी हे धरूनच सांगितले आहेत. जुनी पेट्रोल गाडी घेत असाल, तर ती ई-ट्वेंटीला, म्हणजे या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला, चालते का हे गाडीच्या पुस्तकात किंवा टाकीच्या झाकणाच्या आत बघून घ्या.

सेडानच घ्यायची असेल, तर निवडही फारशी उरलेली नाही. मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केलं, स्कोडा-फोक्सवॅगननेही तेव्हाच. होंडा सिटी आणि ह्युंदाई व्हर्ना यांचं डिझेल २०२३ पर्यंत थांबलं. डिझेल आता मुख्यतः एसयूव्हीत, इनोव्हासारख्या गाड्यांत आणि अगदी महागड्या जर्मन गाड्यांत मिळतं. गावात जास्त फिरणाऱ्या आणि खिसा थोडा मोठा असलेल्या घराने हायब्रिडचा, म्हणजे पेट्रोल इंजिनाला बॅटरीवरच्या मोटरची जोड असलेल्या गाडीचा, विचार करावा. सिग्नलवर आणि संथ गर्दीत ती बरीचशी बॅटरीवर चालते, त्यामुळे गावातलं ॲव्हरेज सुधारतं.

डिझेल घेणाऱ्यांना उन्हाळ्याची एक सूचना. बऱ्याच बीएस-सहा डिझेल गाड्यांत डीईएफ नावाचं युरियाचं द्रावण वेगळ्या टाकीत भरावं लागतं. ते पूर्ण संपलं आणि गाडी बंद केली, तर पुन्हा सुरू होत नाही. म्हणून लोक डबा आणून डिकीत ठेवतात. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस अंश, बंद डिकीत त्याहून जास्त. उष्णतेने ते द्रावण लवकर खराब होतं. डबा घरात, सावलीत ठेवा.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवलं. फिल्टर हा त्या धुरावरचा उपाय आहे. तो चोंदला म्हणून कापून काढायचा आणि मोकळा पाइप वेल्डिंग करायचा, असं काही ठिकाणी सर्रास चालतं. खर्च वाचतो, पिकअपही वाढल्यासारखा वाटतो. पण ती गाडी शाळा सुटताना फाटकासमोर चालू ठेवून तुम्ही उभे असता, तेव्हा सायलेन्सरच्या उंचीला आपल्याच पोरांची तोंडं असतात. हे काम बेकायदेशीर आहेच, पण कायदा नसता तरी ते करू नका.

आपल्याकडे जुन्या डिझेल गाड्या दिल्लीकडूनही येतात, कारण तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले आणि त्या स्वस्तात निघाल्या. किंमत मोहात पाडते. एनओसी, इथला टॅक्स आणि नवं पासिंग यांचा खर्च आधी विचारा, ऑइल कधी-कधी बदललं त्याच्या पावत्या मागा. गाडी २०२० नंतरची डिझेल असेल, तर आणखी एक करा. इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. फिल्टर शाबूत असेल तर आतली बाजू जवळपास स्वच्छ असते. बोट काळंकुट्ट निघालं, तर मालक काहीही सांगू देत, टोकन देऊ नका.

नमस्कार.