चेंडू पायात नसतानाचा खेळ: रॉय हॉजसन यांची उत्तरेतली वर्षं

(दृश्य: हाल्मस्टाड शहर, निसान नदी, ओर्यान्स वाल स्टेडियम)

स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हाल्मस्टाड. १९७५ च्या हंगामात इथला फुटबॉल क्लब, हाल्मस्टाड बीके, खालच्या श्रेणीत घसरता घसरता वाचला होता. पुढच्या वर्षी तो वाचेल, असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. आणि अशा संघानं प्रशिक्षक आणला कोण? २८ वर्षांचा एक इंग्रज. बसचालकाचा मुलगा. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस क्लबच्या युवा संघात वाढलेला, पण मुख्य संघाकडून एकदाही मैदानात न उतरलेला. रॉय हॉजसन.

त्यांच्यासाठी शब्द टाकला होता बॉब हॉटन यांनी. दोघे शाळेपासूनचे मित्र, आणि हॉटन १९७४ पासून माल्मो या स्वीडिश क्लबचे प्रशिक्षक. हे नाव आपल्याकडेही ओळखीचं आहे. २००६ ते २०११ या काळात भारतीय संघाचे प्रशिक्षक तेच होते. गोव्याचे क्लायमॅक्स लॉरेन्स आणि महेश गवळी त्यांच्या हाताखाली खेळले, आणि त्यांच्याच काळात भारत २७ वर्षांनी आशियाई चषकात उतरला.

(दृश्य: सरावाचं मैदान, पाऊस)

त्या वेळी स्वीडनमध्ये पश्चिम जर्मनीच्या पद्धतीचा पगडा होता. प्रत्येक बचावपटूला एक माणूस नेमून दिलेला. तो जाईल तिथं त्याच्या मागे जायचं. सगळ्यांच्या मागे एक मोकळा खेळाडू, निसटलेलं सावरायला. हॉजसन यांनी हे मोडीत काढलं. माणूस सांभाळायचा नाही, जागा सांभाळायची. चौघांची बचावफळी, तिच्यापुढे चौघांची मधली फळी, पुढे दोन आघाडीवीर. दोन फळ्यांमधलं अंतर वाढू द्यायचं नाही. चेंडू डावीकडे गेला की अख्खा संघ डावीकडे सरकणार. प्रतिस्पर्ध्यानं चेंडू मागे दिला की सगळे चार पावलं पुढे.

ऐकायला सोपं वाटतं. पण ते अंगवळणी पडायला रोजचा घोटून केलेला सराव लागतो, आणि तो सराव कंटाळवाणा असतो. अकरा जण मैदानात, समोर प्रतिस्पर्धी कुणीच नाही. चेंडू इकडून तिकडे जातो आणि प्रत्येकानं आपली जागा बदलायची. एक जण दोन पावलं मागे राहिला की खेळ थांबणार, सगळे पुन्हा मूळ जागी, पुन्हा पहिल्यापासून. यात ना गोल, ना टाळ्या. मला हॉजसन यांचं खरं कर्तृत्व इथंच दिसतं. साधारण कुवतीच्या खेळाडूंकडून हे महिनोन्महिने करून घ्यायचं, आणि त्यांचा विश्वासही टिकवायचा.

१९७६ च्या शरद ऋतूत हाल्मस्टाड स्वीडनचा विजेता होता. १९७९ मध्ये पुन्हा.

त्याच वर्षी हॉटन यांचा माल्मो युरोपियन कपच्या, म्हणजे देशोदेशीच्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात म्युनिकला पोहोचला आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून ०-१ असा हरला. तरीही स्वीडनमधले जाणकार या दोघांवर नाराज होते. खेळ यांत्रिक झाला, खेळाडूची कल्पकता मारली, असा आरोप होता. त्यात तथ्य अजिबात नव्हतं असं नाही. हा खेळ डोळ्यांना नेहमीच सुखावत नसे. पण एका तरुण स्वीडिश प्रशिक्षकानं तो बारकाईनं पाहिला. स्वेन-योरान एरिक्सन. १९८२ मध्ये त्यांच्या आयएफके योतेबोरी या स्वीडिश क्लबनं जर्मनीच्या हंबुर्गला हरवून युएफा कप ही युरोपियन क्लबांची स्पर्धा जिंकली.

(दृश्य: माल्मो स्टेडियम, निळे-पांढरे झेंडे)

मधल्या काळात इंग्लंडच्या ब्रिस्टल सिटी क्लबमध्ये अपयश आलं, आणि हॉजसन स्वीडनला परतले. ओड्डेवोल्ड, मग ओरेब्रू, आणि १९८५ मध्ये माल्मो. १९८५ ते १९८९, लागोपाठ ५ वर्षं माल्मो साखळीत अव्वल. पण त्या काळी विजेता बाद फेरीतून ठरायचा, म्हणून हाती आली ती दोनच जेतेपदं, १९८६ आणि १९८८ ची. वर्षभर सगळ्यांच्या पुढे राहून शेवटच्या काही सामन्यांत सगळं घालवायचं, हे तीनदा! १९८९ मध्ये इटलीचा विजेता इंटर मिलान माल्मोत ०-१ हरला, मिलानमध्ये १-१ बरोबरी झाली, आणि इंटर युरोपियन कपच्या पहिल्याच फेरीत बाहेर. चाहत्यांनी स्टेडियमच्या एका कोपऱ्याला हॉजसन यांचं नाव दिलं.

पुढे स्वित्झर्लंडच्या संघाला १९९४ च्या विश्वचषकात नेलं, मग खुद्द इंटरचं प्रशिक्षकपद. तो मोठा प्रवास आहे, पण वेगळा.

उत्तर युरोप मात्र त्यांना परत बोलावत राहिला. २००१ मध्ये एफसी कोपनहेगनला त्यांनी डेन्मार्कचं विजेतेपद मिळवून दिलं. क्लबला ते ८ वर्षांनी मिळत होतं. २००४ मध्ये नॉर्वेतल्या स्टाव्हांगरचा वायकिंग क्लब. तिथं त्यांच्या बचावफळीत एक उंचापुरा तरुण होता, ब्रेडे हांगेलांड. त्याला लक्षात ठेवा.

(दृश्य: हेलसिंकी ऑलिम्पिक स्टेडियम, रात्रीचे दिवे)

२००६ मध्ये फिनलंडचा राष्ट्रीय संघ. या देशानं तोवर एकही मोठी स्पर्धा गाठली नव्हती. युरो २००८, म्हणजे युरोपातल्या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेच्या, पहिल्याच पात्रता सामन्यात पोलंडला त्यांच्या घरी ३-१ हरवलं. पुढच्या जूनमध्ये बेल्जियमविरुद्ध खेळ सुरू असताना एक शृंगी घुबड मैदानात उतरलं, पंख पसरून एका गोलवरून दुसऱ्या गोलवर जाऊन बसलं. पंचांनी खेळ थांबवला, प्रेक्षक त्याच्या नावानं ओरडू लागले. फिनलंड २-० जिंकला, आणि तेव्हापासून संघाचं टोपणनावच घुबडं पडलं.

पात्रतेच्या १४ सामन्यांत या संघावर फक्त ७ गोल झाले. २१ नोव्हेंबर २००७, पोर्तो. पोर्तुगालला हरवलं तर युरो २००८ चं दार उघडणार होतं. फिनलंड चिवटपणे लढला, पण सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. ज्या शिस्तीनं संघाला इथवर आणलं, तिनं गोल रोखले. हवा होता तो एक गोल करणारा पाय त्या रात्री सापडला नाही.

पुढच्याच महिन्यात लंडनच्या फुलहॅमनं हॉजसन यांना बोलावलं. संघ खालच्या श्रेणीच्या उंबरठ्यावर होता, १९७५ च्या हाल्मस्टाडसारखाच. जानेवारी २००८ मध्ये त्यांनी कोपनहेगनहून एक बचावपटू विकत घेतला: ब्रेडे हांगेलांड. फुलहॅम वाचला, आणि २०१० मध्ये हाच नॉर्वेजियन युरोपा लीग या युरोपियन क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांच्या बचावफळीच्या मधोमध उभा होता.