घोड्याचे बारगीर, हेल्मेटचे शिलेदार

(कोल्हापुरात पालक आणि नवशिक्या घोडेस्वारांपुढं झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, मुद्द्याची गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधूनच कुणाला उठावं लागलं तरी कामाचं काही पदरात पडेल. शाळेचा गणवेश घेताना आपण दुकानदाराला म्हणतो, 'जरा वाढत्या अंगाचा दाखवा.' दोन वर्षं निघाली पाहिजेत. गणवेशाच्या बाबतीत हे शहाणपण आहे. घोड्यावर बसणाऱ्या पोराच्या हेल्मेटच्या बाबतीत नाही. सैल हेल्मेट पडताना आधी स्वतः सरकतं, आणि मग जमिनीवर आपटतं ते उघडं कपाळ.

ज्या खेळासाठी ही सगळी तयारी, ते इव्हेंटिंग म्हणजे काय ते थोडक्यात. तोच घोडा, तोच स्वार आणि तीन परीक्षा: ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या शिकवलेल्या चाली दाखवणं; क्रॉस-कंट्री, म्हणजे मोकळ्या रानातून पक्क्या अडथळ्यांवरून दौड; आणि शो जम्पिंग, म्हणजे मैदानात दांड्यांवरून उड्या. आपल्या देशाला हा खेळ नवा नाही. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंग यांनी यात वैयक्तिक सुवर्ण मिळवलं, संघालाही सुवर्ण मिळालं. २०१८ साली जकार्त्याला फवाद मिर्झानं रौप्य घेतलं आणि पुढं टोकियो ऑलिंपिकमध्ये तो २३ वा आला. तुमच्यातल्या बऱ्याच मुलांनी त्याचे व्हिडिओ पाहिलेत, म्हणून तर ही खोली भरलीय.

या तिन्हींत माणूस जायबंदी होतो तो जास्त करून क्रॉस-कंट्रीत. वरच्या पातळीवर तिथला वेग मिनिटाला ५७० मीटर, म्हणजे ताशी चौतीस किलोमीटर. रंकाळ्याच्या रस्त्यावर आपण मोपेडवर एवढा वेग सहज गाठतो, म्हणून तो किरकोळ वाटतो. पण मोपेड १ मीटर २० सेंटिमीटर उंचीच्या ओंडक्यावरून उडी मारत नाही, आणि मोपेडला स्वतःचं मत नसतं. शो जम्पिंगमधला दांडा पाय लागला की खाली पडतो. क्रॉस-कंट्रीचा ओंडका पक्का रोवलेला, तो पडत नाही, घोडा पडतो. हल्ली काही अडथळ्यांना ठरावीक जोर बसला की सुटणाऱ्या पिना आणि क्लिपा लावतात, त्यानं घोडा कोलांटी खाण्याचा धोका कमी होतो. कमी होतो, संपत नाही. घोड्याचं वजन पाचशे किलोच्या घरात आणि बसलेल्या स्वाराचं डोकं जमिनीपासून आठ फुटांवर, हे धरून पुढचं ऐका.

इकडं ये गं पोरी. हो, तूच, निळ्या टी-शर्टवाली. हेल्मेट तुझंच ना? दादाचं? बरं झालं, दाखवायला सोपं जाईल. बघा, हनुवटीचा पट्टा मी सोडला. आता तिला मान हलवायला सांगतो. हेल्मेट बघा कसं फिरतंय, आतलं डोकं वेगळं आणि वरची टोपी वेगळी. आता हे दुसरं, तिच्या मापाचं. पट्टा अजून सुटाच आहे. मी दोन्ही तळव्यांत हेल्मेट धरून पुढंमागं करतो. भुवया हलताहेत का? हलताहेत. म्हणजे हेल्मेटनं कातडी धरलीय. हे बरोबर बसलेलं हेल्मेट. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं. मागून अंगठ्यानं वर ढकललं तरी डोळ्यांवर येत नाही. पट्टा लावल्यावर गळ्याशी एक बोट जाईल इतपत जागा. काय गं, कुठं टोचतंय? कपाळावर? मग हेही चालणार नाही. माप बरोबर आहे, पण डोक्याचा घाट वेगळा. कुणाचं डोकं गोल, कुणाचं लांबट. लांबट डोक्यावर गोल हेल्मेट घातलं की कपाळाशी टोचतं आणि कानांवर पोकळी राहते. अशा वेळी एक नंबर मोठं घेऊ नका, दुसऱ्या घाटाचं घ्या. जा, बस. आणि दादाचं दादाला दे.

एक काका मघाशी दारातच म्हणाले, 'आमच्याकडं आयएसआय मार्कचं चांगलं हेल्मेट आहे.' आहे ना, पण तो आयएस ४१५१ दुचाकीचा. ते जड, कान झाकणारं. घोड्यावर मागचं-बाजूचं ऐकू यावं लागतं, मान मोकळी लागते. क्रिकेटचं हेल्मेट चेंडूसाठी. घोडेस्वारीच्या हेल्मेटच्या आत पीएएस ०१५, एएसटीएम एफ ११६३, व्हीजी १ किंवा स्नेल या सुरक्षा-मानकांपैकी काहीतरी छापलेलं शोधा. क्रॉस-कंट्रीसाठी पुढं कडक छज्जा नसलेलंच, वरून कापडी टोपी चढवतात ते घ्या. तोंडावर पडलं तर छज्जा जमिनीला अडून मान मागं झटकली जाते. ब्रिटनच्या स्पर्धांत क्रॉस-कंट्रीला कडक छज्जावाल्याला परवानगीच नाही.

आता फेट्याचं. शिवजयंतीच्या मिरवणुकीत पोरं फेटा बांधून घोड्यावर बसतात, दिसतातही झकास. 'घोडा चालतच तर असतो, काय होणार,' असं म्हणतात. २०१० साली अमेरिकेची कोर्टनी किंग-डाय, ऑलिंपिक खेळलेली ड्रेसाजची स्वार, साध्या सरावात होती. समोर अडथळा नाही, उडी नाही. घोडा स्वतःच्याच पायात अडखळला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ती कोमात गेली, मेंदूला कायमची इजा झाली. त्यानंतर अमेरिकेत ड्रेसाजच्या स्वारांना हेल्मेट घालायला लावणारे नियम आले आणि २०२१ पासून आंतरराष्ट्रीय ड्रेसाजमधली ऐटबाज टॉप हॅटही गेली. आपल्या मिरवणुकीत तर वरून फटाके आणि डॉल्बी. फेटा मान राखायला बांधा. घोड्यावर बसवणार असाल तर आधी हेल्मेट.

बॉडी प्रोटेक्टर, म्हणजे छाती-पाठ झाकणारं जाड फोमचं जाकीट, त्याबद्दल थोडंच सांगतो, कारण तो हातात घेऊनच कळतो. लेबलवर ईएन १३१५८ हे मानक आणि लेव्हल ३ हवं. तो जाड फोम अंगाच्या उबेनं मऊ होतो, म्हणून दुकानात घालून दोन मिनिटांत निकाल देऊ नका. दहा मिनिटं घालून फिरा, मग पट्टे पुन्हा आवळा. पुढून बरगड्या संपतात तिथून बोटभर खाली यायला हवा. मागून लांब नको: खोगिरावर बसल्यावर त्याची कड खोगिराला टेकली, तर प्रत्येक उडीला तो वर सरकून मानेत घुसेल. म्हणून जीन टाकलेल्या लाकडी घोड्यावर बसूनच बघा. आणि हवेनं फुगणारं जॅकेट? दोरी खोगिराला अडकवलेली, स्वार उडाला की दोरी ओढली जाते आणि गॅसची नळी फुटून जॅकेट क्षणात फुगतं. चांगली वस्तू आहे, पण क्रॉस-कंट्रीत ती प्रोटेक्टरच्या वरून घालायची, त्याऐवजी नाही. त्यावर दुसरं काहीही घालायचं नाही, नाहीतर फुगायला जागा उरत नाही. आणि उतरताना दोरी सोडायला विसरलात तर तबेल्यात सगळ्यांची करमणूक होते.

माझ्या मते लोक सगळ्यात कमी लक्ष देतात ते पायाकडं. पडणं परवडलं, पाय रिकिबीत, म्हणजे खोगिराच्या पाय ठेवायच्या कडीत, अडकून फरफटणं नाही. बुटाला इंचभर टाच हवी, तळ फार खडबडीत नको. ट्रेकिंगचे बूट आणि स्पोर्ट्स शूज दोन्ही बाद. रिकीब बुटापेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना बोटाच्या जाडीइतकी जागा. अरुंद असली तर पाय निघत नाही, फार रुंद असली तर पाय आरपार जातो. लहान मुलांना बाहेरच्या बाजूला रबराची कडी असलेली रिकीब द्या. पडताना रबर सुटतं आणि पाय मोकळा होतो. रबर मात्र दर महिन्याला चिमटीत ताणून बघा, आपल्या उन्हात ते तडकतं.

इथं आपल्या गावाचा फायदा घ्या. चामड्यात हात बसलेली माणसं कोल्हापुरात घरोघर आहेत. चॅप्स, म्हणजे पोटरीवर चढवायची चामडी आवरणं, मापानं शिवून घ्या, रिकिबीच्या पट्ट्याची उसवलेली शिवण दाखवा. विकतच्यापेक्षा भारी काम होईल. जून ते सप्टेंबर सगळ्या चामड्यावर बुरशी धरते, ती पुसून तेल लावा आणि पुसताना शिवण नखानं तपासा. पण हेल्मेटचा पट्टा तुटला तर तो शिवून घेऊ नका, वर नक्षी किंवा रंगही नको. रंगातल्या रसायनानं आतला थर्माकोलसारखा थर खराब होऊ शकतो.

शेवटी पैशांचं, कारण सगळ्यांच्या मनात तेच आहे. मराठ्यांच्या फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन यायचा. बारगिराला दोन्ही सरकारातून मिळायचं. तुम्ही घोड्याच्या, खोगिराच्या बाबतीत खुशाल बारगीर राहा. क्लबचं वापरा, जुनं घ्या, कुणाचे बूट लहान झाले असतील तर मागून घ्या. हेल्मेटच्या बाबतीत मात्र शिलेदार. दुसऱ्याचं हेल्मेट किती वेळा आपटलंय हे बाहेरून दिसत नाही. आतला थर एकदा दबला की परत फुगत नाही. जोरात पडलात तर तेही बदला, आणि न पडता झालेली पाचेक वर्षं पुरे. पहिला पैसा हेल्मेटला, मग बुटांना, मग प्रोटेक्टरला. उडी शिकायला अजून सहा महिने असतील तर प्रोटेक्टर थांबू शकतो. हवेचं जॅकेट त्यानंतर.

बाहेरच्या टेबलावर शिंप्याची टेप ठेवलीय. भुवयांच्या वर इंचभर, डोक्याचा घेर सगळ्यात मोठा असतो तिथून माप घेतो. मुलींनी घोड्यावर बसताना वेणी जशी घालता तशीच घालून या; अंबाडा बांधून माप दिलंत तर आलेलं हेल्मेट परत पाठवावं लागेल.