चाकांना मनाई, पावलांना नव्हे

नमस्कार श्रोतेहो. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर असे कितीतरी रस्ते आहेत, जे कायद्याने रस्ते आहेत, पण ज्यांच्यावर खडी किंवा डांबर कधीच पडलेले नाही. त्यांच्याविषयी आज मला बोलायचे आहे. एकोणिसाव्या शतकात जमिनीची मोजणी आणि वाटप होत असताना किनाऱ्यालगत आणि नदीकाठी बहुधा एक साखळी, म्हणजे ६६ फूट रुंदीचे पट्टे नकाशावर राखून ठेवले गेले. असे न बांधलेले रस्ते आज देशभरात मिळून सुमारे ५६,००० किलोमीटर भरतात. आपल्याकडे गावनकाशावर तुटक रेषांनी दाखवलेली पाणंद प्रत्यक्षात कुणाच्या तरी बांधात गडप झालेली असते, तरी तिच्यावरचा लोकांचा हक्क शाबूत असतो. तिथल्या रस्त्यांचेही तसेच आहे. शेजारची जमीन खासगी असली, तरी त्या पट्ट्यावरून कुणालाही, केव्हाही जाता-येता येते.

हा हक्क पायी किंवा घोड्यावरून बजावला जात होता तोवर जमिनीला फारसा धोका नव्हता. चारचाकी आणि मोटारसायकली आल्यावर चित्र पालटले. दक्षिण बेटावरील मार्लबरोच्या पूर्व किनाऱ्याचेच पाहा. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी ७.८ तीव्रतेचा कायकोउरा भूकंप झाला आणि तिथला समुद्रतळ वर उचलला गेला. केप कॅम्पबेलच्या परिसरात जे सुळके पूर्वी ओहोटी साधूनच ओलांडावे लागत, त्यांच्या पायथ्याशी आता रुंद, कोरडा पट्टा तयार झाला आणि गाड्या पूर्वी पोहोचत नव्हत्या तिथवर जाऊ लागल्या. चिखल्याच्या कुळातला बँडेड डॉटरेल हा लहानसा पक्षी याच गोट्यांमध्ये उथळ खळगा करून अंडी घालतो. ठिपक्यांची ती करडी अंडी दोन पावलांवरूनही खड्यांपासून वेगळी ओळखता येत नाहीत, मग वेगात जाणाऱ्या चालकाला ती काय दिसणार? वाळूच्या टेकड्या धरून ठेवणारी झुडपे एकदा चाकांखाली चिरडली गेली, की उघडी पडलेली वाळू वारा घेऊन जातो. माओरी लोकांच्या जुन्या वस्त्यांचे शिंपल्यांचे थर याच किनारपट्टीत आहेत आणि ते विस्कटले, तर पुन्हा रचता येत नाहीत. मार्लबरो जिल्हा परिषदेने २०२३ मध्ये उपविधी करून या किनाऱ्याच्या ठरावीक भागांत वाहनांना मनाई केली, हे मला अगदी योग्य वाटते.

अशा मनाईसाठी न्यूझीलंडच्या १९९८ च्या भूवाहतूक कायद्यातील कलम २२ एबीचा आधार आहे. पर्यावरण, रस्ता आणि लगतची जमीन यांच्या रक्षणासाठी न बांधलेल्या रस्त्यावरील मोटारवाहनांवर निर्बंध घालण्याचा अधिकार हे कलम देते. कायद्याने येथे मोटारींपुरतेच बोलून ठेवले आहे आणि माझ्या मते तेच या तरतुदीचे शहाणपण आहे. रस्त्याचा रस्तेपणाच रद्द करणे ही याहून फार वेगळी, फार गंभीर गोष्ट आहे. त्यासाठी जाहीर सूचना द्यावी लागते, हरकतींसाठी किमान ४० दिवस ठेवावे लागतात, ग्रामीण भागात मंत्र्यांची संमती लागते आणि हरकत कायम राहिल्यास प्रकरण पर्यावरण न्यायालयात जाते. जमीन वाचवण्याचे कारण पुढे करून कुणी हा दुसरा मार्ग सुचवू लागले, तर लोकांनी सावध झाले पाहिजे, कारण किनाऱ्यावर जाण्याचा एकदा सोडलेला हक्क परत मिळवणे जवळजवळ अशक्य असते.

वाहनबंदीला विरोध करणाऱ्यांत वयस्क मासेमार आहेत, चालणे कठीण झालेली माणसे आहेत, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. होडी पाण्यात उतरवण्याच्या जागेपर्यंत गाडी जाऊ द्यावी, बचावकार्याच्या वाहनांना सूट असावी आणि नाजूक पट्टा तेवढा पूर्ण बंद ठेवावा, अशी आखणी करता येते.

राहिला फाटकाचा प्रश्न. परिषदेच्या परवानगीने सार्वजनिक रस्त्यावर फाटक बसवता येते, पण त्यावर ‘सार्वजनिक रस्ता’ ही अक्षरे स्पष्ट लिहिलेली पाटी लावणे कायद्याने बंधनकारक आहे. वाहनबंदीचा आडोसा घेऊन शेजारच्या जमीनमालकाने त्याच फाटकाला कुलूप घातले, तर परिषदेने ते विनाविलंब काढायला लावले पाहिजे.